विमा नाही, शुगर आहे: मधुमेहाची औषधं खिशाला झेपावीत म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात माझ्यासारख्या मेडिकल चालवणाऱ्याला रोज हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "यात जरा स्वस्तातलं काही आहे का हो?" खाली त्याच प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून दिली आहेत. किमती कंपनीनुसार आणि वर्षानुसार हलतात, म्हणून आकडे अंदाजापुरते घ्या. पाकिटावर छापलंय ते खरं. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवणार. पण तेच औषध कोणत्या नावाने, कुठून आणि किती पैशांत घ्यायचं, यात तुम्हाला बोलायला पुष्कळ जागा आहे आणि बहुतेक लोक ती वापरतच नाहीत.

माझा आरोग्य विमा नाही. म्हणूनच औषधं महाग पडतात का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. आपल्याकडची नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी माणूस रुग्णालयात दाखल झाला की पैसे देते. महिन्याच्या गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, डॉक्टरांची फी हे सगळं ओपीडीत मोडतं. ते पैसे पॉलिसी असलेला तुमचा शेजारीसुद्धा स्वतःच्याच खिशातून भरत असतो. विमा नाही म्हणून गोळीचा दर वाढत नाही.

एक अपवाद मात्र तपासून घ्या. तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगाराच्या स्लिपवर ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विम्याच्या) नावाने पाऊण टक्का कापला जात असेल, तर तुम्ही आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब ईएसआयच्या दवाखान्यातून औषधं मोफत घेऊ शकता. वर्षानुवर्षं पैसे कापले जातात आणि कार्ड कुठे आहे हे घरात कोणाला ठाऊक नसतं, असे कामगार पुष्कळ आहेत. ठेकेदाराकडे काम करत असाल तर त्याला विचारा.

महिन्याचं बिल दोन-तीन हजार येतं. एवढे पैसे नेमके कशाचे?

चिठ्ठी समोर ठेवा आणि गोळ्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग जुन्या गोळ्यांचा: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, पायोग्लिटाझोन. या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या, पारखलेल्या गोळ्या. साधी मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. कंपनीची घेतली तरी दोन रुपयांच्या आसपास पडते, जनऔषधीत, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त औषधांच्या दुकानात, दहा गोळ्या दहा रुपयांच्या आत येतात. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एवढ्यावर ज्यांची साखर ताब्यात आहे, त्यांचा शुगरच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च जनऔषधीत शंभर रुपयांच्या आत बसू शकतो.

दुसरा ढीग नव्या गोळ्यांचा. नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' किंवा 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या. इथे एकाच औषधाच्या दोन ब्रँडमध्ये दुपटी-तिपटीचा फरक सापडतो, म्हणून चौकशी करायची तर सगळ्यात आधी या ढिगाची.

तिसरा ढीग लोक मोजतच नाहीत: नसांची गोळी, ताकदीची कॅप्सूल, अँटिऑक्सिडंट, लिव्हरचं सिरप, प्रोटीनचा डबा. कितीदा तरी बिलातला सगळ्यात फुगलेला आकडा इथे असतो आणि दोष शुगरला जातो. यातलं सगळं निरुपयोगी नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की काहींचं बी-१२ कमी होतं आणि मग ते द्यावंच लागतं. पण त्यासाठी बारा घटकांची महागडी कॅप्सूलच हवी असं नाही. "डॉक्टर, यातली कुठली गोळी सोडली तर चालेल?" असं थेट विचारा. पुष्कळ डॉक्टर स्वतःच एक-दोन ओळी खोडतात.

ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र या तिसऱ्या ढिगात टाकू नका. मधुमेहात हृदय आणि किडनी सांभाळायला त्या लागतात. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अॅटोर्व्हास्टॅटिन ही औषधं जेनेरिकमध्ये अगदी स्वस्त मिळतात.

जेनेरिक, जेनेरिक म्हणतात ते नक्की काय? दुकानावर तर "८० टक्के सूट" असा बोर्ड असतो.

बाजारात एकच औषध तीन वेशांत येतं.

एक, कंपनीची ब्रँडेड गोळी. हिचा प्रचार करणारे प्रतिनिधी डॉक्टरांना भेटतात, तो खर्च किमतीत धरलेला असतो. पेटंट संपलेलं औषध असेल तर शास्त्राच्या दृष्टीने हीसुद्धा जेनेरिकच, फक्त तिचं बारसं झालेलं असतं.

दोन, ज्याला आम्ही धंद्यात ट्रेड जेनेरिक म्हणतो ते. कंपनी तीच असू शकते, पण प्रतिनिधी नसतो. माल थेट होलसेलरकडून दुकानात येतो. गोम अशी की पाकिटावरची एमआरपी कितीतरी चढी छापलेली असते आणि दुकानदाराची खरेदी तिच्या खूप खाली असते. त्यातलं किती तुम्हाला सोडायचं हे दुकानदार ठरवतो. म्हणून "८० टक्के सूट" वाचून भुलू नका. सूट कशावर आहे ते महत्त्वाचं. सरळ विचारा, "एक गोळी कितीला पडली?" आणि तो आकडा दुसऱ्या दुकानातल्या आकड्याशी ताडून बघा.

तीन, जनऔषधी. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेच्या केंद्रांत पाकिटावर छापलेलीच किंमत खरी असते आणि ती मुळातच कमी असते. योजना २००८ साली सुरू झाली. सुरुवातीची बरीच वर्षं केंद्रं मोजकीच होती. २०२५ उजाडेपर्यंत देशभरात १५,००० केंद्रं झाली. सिटाग्लिप्टिनचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये जनऔषधीने ५० मि.ग्रॅ.च्या दहा गोळ्या ६० रुपयांना आणि १०० मि.ग्रॅ.च्या दहा गोळ्या १०० रुपयांना आणल्या. सिटाग्लिप्टिनच्या आणि मेटफॉर्मिनबरोबरच्या तिच्या जोडगोळीच्या ब्रँडेड पाकिटांना तेव्हा १६० ते २६० रुपये पडत होते.

सरकार किमतीवर मर्यादा घालतं ना? मग फरक कशाला पडतो?

मर्यादा फक्त राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या औषधांना लागू असते. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन त्यात आहेत. २०२२ च्या यादीत टेनेलिग्लिप्टिन आणि इन्सुलिन ग्लार्जिन आलं. पण ही मर्यादा बाजारातल्या ब्रँडच्या सरासरी किमतीवर १६ टक्के दुकानदाराचा नफा धरून काढतात. म्हणजे ती सरासरीची रेघ आहे, त्याखाली स्वस्त गोळीला भरपूर जागा उरते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्लुकोमीटर आणि पट्ट्याही त्यात आल्या.

जनऔषधीची गोळी कमी ताकदीची असते म्हणतात. साखर वाढली तर?

जनऔषधीत येणारी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांना पाठवतात, अशी तिची पद्धत आहे. ५०० मि.ग्रॅ. मेटफॉर्मिन तिथेही ५०० मि.ग्रॅ.च असते. "स्वस्त म्हणजे कमअस्सल" ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे आणि ती बसवण्यात आम्हा दुकानदारांचाही हात आहे, हे कबूल करायला हवं. महागड्या पाकिटात आमचा नफाही जास्त असतो.

तरी मनात शंका असेल तर ती तपासून बघायचा सोपा मार्ग आहे. डॉक्टरांना सांगून गोळी बदला. पुढचे दोन-तीन आठवडे अधूनमधून उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, करा. कागदावर आकडा जुळला तर शेजाऱ्याचं ऐकायची गरज नाही.

एक चूक टाळा: मेटफॉर्मिन साधी होती की एसआर, हे बघून घ्या. एसआर म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी. साधी सुरू झाली आणि पोट बिघडलं, की लोक "जेनेरिक सोसलं नाही" म्हणतात. फरक कंपनीचा नव्हता, प्रकाराचा होता.

जनऔषधीची खरी अडचण वेगळी आहे. माल कधी असतो, कधी नसतो. गोळ्या संपल्यावर जाऊ नका. दहा दिवसांच्या उरल्या असतानाच जा. 'जनऔषधी सुगम' या अॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही बघता येतं. टोल फ्री क्रमांक १८०० १८० ८०८०.

डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलंय. दुकानदार म्हणतो, बदलून देता येणार नाही. तो फसवतोय का?

या बाबतीत तरी नाही. शुगरच्या बहुतेक गोळ्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत येतात आणि १९४५ च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरी कंपनी, घटक तोच असला तरी, फार्मासिस्टने परस्पर द्यायची नाही. प्रत्यक्षात किती पाळलं जातं तो भाग वेगळा. म्हणून बदल चिठ्ठीवरच व्हायला हवा. वैद्यक परिषदेच्या नियमांतही २०१६ पासून डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहावं असं आहे.

डॉक्टरांपुढे पैशांचं बोलायला लोक लाजतात. घरी येऊन अर्ध्या गोळ्या घेतात, पण तिथे "बरं" म्हणून उठतात. असं बोलून बघा: "डॉक्टर, औषधाला महिन्याला पाचशेच्या वर माझ्याच्याने होत नाही. तेवढ्यात बसेल असं लिहून द्याल का? आणि घटकाचं नावही लिहा, म्हणजे जनऔषधीत मिळेल." आकडा सांगणं महत्त्वाचं आहे. "स्वस्त द्या" म्हटलं तर डॉक्टरांना तुमचं स्वस्त म्हणजे किती हे कळत नाही.

पेटंट संपलं की किंमत पडते म्हणतात, ते कसं कळणार?

पेटंट आहे तोवर ते औषध मूळ कंपनी किंवा तिने परवानगी दिलेली कंपनीच विकू शकते. मुदत संपली की चार-सहा महिन्यांत पंचवीस ब्रँड उभे राहतात. भारतात व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, डापाग्लिफ्लोझिनचं ऑक्टोबर २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं जुलै २०२२ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी तोवर साठ रुपयांच्या घरात होती. पेटंट संपल्याबरोबर दहा रुपयांच्या आतल्या गोळ्या बाजारात आल्या. सेमाग्लुटाइड या आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं.

यात लोकांचं नुकसान होतं ते असं: चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची. त्यावर मूळ कंपनीचा ब्रँड. पेशंट तीच चिठ्ठी पुढे करत राहतो, दुकानदार तीच गोळी देत राहतो. मधल्या काळात किंमत कोसळलेली असते आणि या घरापर्यंत ती बातमी पोचलेलीच नसते. वर्षातून एकदा तरी चिठ्ठी नवी करून घ्या आणि प्रत्येक गोळीपुढे विचारा, "याचं पेटंट संपलंय का?"

हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांचा साखरेपलीकडेही फायदा होतो. अशांनी "महाग होती म्हणून बंद केली" असं परस्पर करू नये. आता त्या तेवढ्या महाग राहिलेल्याही नाहीत.

एकत्र गोळी घ्यावी की सुट्या?

ठरावीक उत्तर नाही, हिशेब करावा लागतो. कधी दोन घटकांची जोडगोळी सुट्यांपेक्षा स्वस्त पडते. कधी, विशेषतः तीन घटकांची असेल तर, सुट्या घेतल्या की पैसे वाचतात. दुकानदाराला दोन्हींचा महिन्याचा हिशेब करायला सांगा. वेगळं घ्यायचं ठरलं तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. एसआर किंवा ईआर (तीही हळू विरघळणारीच) लिहिलेली गोळी मोडायची नाही, चुरायचीही नाही.

सरकारी दवाखान्यात शुगरच्या गोळ्या खरंच फुकट मिळतात का?

मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या संस्थांत उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळं त्यात आलं. केस पेपरलाही पैसे नाहीत. ससून किंवा जेजेसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याखाली येतात, तिथे थोडंफार शुल्क लागू शकतं. मुंबईत महापालिकेचे दवाखाने आणि 'आपला दवाखाना' आहेत.

गावात सुरुवात आशाताईंपासून करा. तिशीपुढच्या सगळ्यांची ब्लडप्रेशर आणि शुगर तपासणी हे राष्ट्रीय कार्यक्रमाचं ठरलेलं काम आहे. एकदा नाव नोंदवलं की उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, गोळ्या मिळायला सुरुवात होते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर 'एनसीडी क्लिनिक', म्हणजे शुगर-ब्लडप्रेशरसारख्या आजारांचा विभाग, कुठे आहे असं विचारा. नुसती ओपीडी म्हटलं तर भलत्याच रांगेत उभं राहाल. रक्ततपासण्याही महालॅबमार्फत मोफत होतात.

आता कटकटीचं बोलू. रांग असते. मजुरी बुडते. कधी मेटफॉर्मिन असते आणि ग्लिमेपिराइड संपलेली असते. ग्लिप्टिन-ग्लिफ्लोझिन तिथे मिळेलच असं धरून चालू नका. मला पटलेली रीत अशी: सरकारीतून मिळेल ते सगळं घ्या, उरलेली एखादी गोळी जनऔषधीतून विकत घ्या, आणि खासगी डॉक्टरांना सहा महिन्यांनी रिपोर्ट घेऊन एकदा दाखवा. "एक तर सरकारी, नाहीतर खासगी" असं बंधन कोणी घातलेलं नाही. फक्त दोन्हीकडच्या गोळ्यांची यादी एका कागदावर ठेवा. नाहीतर तेच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जातं.

महात्मा फुले योजनेच्या किंवा आयुष्मानच्या कार्डावर गोळ्या मिळतात का?

नाही. ही कार्डं दाखल होण्यासाठी आहेत. तरी काढून ठेवा, कारण मधुमेहात मोठा खर्च पुढे येतो: पायाची जखम, किडनी, डायलिसिस, हृदय. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातली सगळी कुटुंबं येतात आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं. चौकशीचा क्रमांक १४५५५.

धर्मादाय रुग्णालयांत वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांसाठी १० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. दाखल झाल्यावर धावपळ करून तो वेळेत हाती येत नाही.

इन्सुलिन लागलंय. पेन परवडत नाही, काय करू?

या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचू शकतात.

इन्सुलिन बाटलीच्या किमतीवरून जोखू नका, युनिटच्या किमतीवरून जोखा. साध्या ह्यूमन इन्सुलिनची बाटली, म्हणजे वायल, १० मिलीची असते. प्रत्येक मिलीत ४० युनिट, म्हणजे बाटलीत ४०० युनिट. किंमत साधारण दीडशे ते दोनशे. युनिटला चाळीस-पन्नास पैसे पडले. पेनात घालायची कार्ट्रिज ३ मिलीची, मिलीत १०० युनिट, एकूण ३०० युनिट. नव्या प्रकारच्या, म्हणजे अॅनालॉग इन्सुलिनच्या कार्ट्रिजला पाचशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतात. युनिटला दीड-दोन रुपये झाले. दिवसाला ४० युनिट घेणाऱ्याला महिन्याला १,२०० युनिट लागतात. वायलने हे सहाशेच्या आत भागतं, कार्ट्रिजने दोन हजारांवर जातं. पेनाच्या सुया वेगळ्या.

अॅनालॉगचे फायदे खरे आहेत. वेळेचं बंधन सैल होतं, रात्री साखर एकदम खाली जायचं प्रमाण कमी असतं. ज्यांना वारंवार साखर उतरायचा त्रास आहे किंवा जे वृद्ध एकटे राहतात, त्यांच्यासाठी डॉक्टर अॅनालॉगच सुचवतील आणि ते बरोबर आहे. पण टाइप २ च्या, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाच्या, पुष्कळ लोकांचं ह्यूमन इन्सुलिनवर व्यवस्थित चालतं. फक्त शिस्त लागते: साधं किंवा ३०/७० मिश्रण जेवणाआधी अर्धा तास, आणि टोचल्यावर जेवण चुकवायचं नाही. बदलताना तेवढेच युनिट तसेच्या तसे उचलून घ्यायचे नसतात, डोस डॉक्टरांकडून नव्याने लावून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वायल ४० ची, तर सिरिंजही ४० चीच, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी. पेनाची कार्ट्रिज फोडून ते इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये कधीही भरू नका. अडीच पट डोस जाईल आणि माणूस बेशुद्ध पडेल. दुकानदार घाईत असतो. टोपणाचा रंग स्वतः बघून घ्या.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत ह्यूमन इन्सुलिन मोफत मिळू शकतं, तिथे आधी विचारा.

घरात फ्रिज नाही, लाइटही जाते. इन्सुलिन फुकट जाईल का?

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली बाटली फ्रिजबाहेर, उन्हापासून लांब, साधारण चार आठवडे चालते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात खोलीच चाळिशी ओलांडते, तिथे मातीचं मडकं कामाला येतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू किंवा पाणी, त्यात छोटं मडकं, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आत, वरून ओलं फडकं. फ्रिज असेल तर फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. एका वेळी महिन्यापुरतंच घ्या, साठा केला आणि खराब झाला तर वाचवलेले पैसे गेले.

मुलाला टाइप १ आहे. आम्ही मोलमजुरी करतो.

टाइप १ मध्ये शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, म्हणून इथे इन्सुलिनला पर्याय नाही आणि एक दिवसही चुकवायचं नाही. एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल वाढून मूल अतिदक्षता विभागात जाऊ शकतं. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत: नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची उडान. तुमच्या जिल्ह्यातल्या मधुमेहतज्ज्ञांना किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात विचारा, "टाइप १ च्या मुलांना मोफत इन्सुलिन कुठे मिळतं?" डॉक्टरांना ही माणसं माहीत असतात. शाळेतल्या बाईंना मुलाच्या आजाराची कल्पना द्या आणि दप्तरात साखर ठेवा.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात. रोज बघायलाच हवं का?

फक्त गोळ्यांवर असाल आणि साखर स्थिर असेल तर रोज नको. डोस बदलला, आजारी पडलात, अंग थरथरतंय, अशा वेळी बघा. बाकी तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी. इन्सुलिनवर असणाऱ्यांना मात्र जास्त वेळा बघावंच लागतं. मशीन विकत घेताना मशीनची किंमत बघू नका, पट्टीची बघा. मशीन स्वस्तात देऊन पट्ट्यांवर कमावणं ही जुनीच रीत आहे. पन्नास पट्ट्यांच्या डबीवर उघडल्यानंतरची मुदत वाचा. आठवड्याला एक पट्टी वापरणाऱ्याची अर्धी डबी बाद होते.

पैसे नसले की मी एक दिवसाआड गोळी घेतो. चालतं का?

नाही. आणि हे रागावून सांगत नाही, कारण असं करणारे पुष्कळ आहेत. मधुमेहात आज गोळी चुकवली तर आज काही दुखत नाही, हीच मोठी पंचाईत. बिल पाच-दहा वर्षांनी येतं, डोळ्यांचं किंवा पायाचं.

दिवसाआड गोळीने दुसराही घोटाळा होतो. डॉक्टरांना वाटतं पेशंट सगळ्या गोळ्या घेतोय आणि तरी साखर ३०० आहे. मग ते आणखी एक महाग गोळी वाढवतात. निम्म्या घेतोय हे सांगितलं असतं तर बहुधा जुनीच गोळी नीट घ्यायला सांगितली असती. पुढचा पगार होईपर्यंत भागवायचं असेल तर दुकानदाराकडून पाकीट कापून आठ दिवसांच्या गोळ्या मागा, ज्या बाजूला मुदत आणि बॅच नंबर छापलाय तो भाग दुकानात राहिला तर फोटो काढून घ्या. त्या आठ दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

काढा, चूर्ण घेतलं तर गोळी सुटेल का? ते स्वस्तही आहे.

"मधुमेह मुळापासून बरा" अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी भिंती आणि मोबाइल अशा जाहिरातींनी भरलेले असतात. महिन्याचा कोर्स किती हजारांचा ते विचारा, म्हणजे स्वस्त काय ते कळेल. बिनलेबलच्या पुड्यांत कधी कधी शुगरची इंग्रजी गोळीच कुटून घातलेली सापडते. साखर उतरते ती त्यामुळे, आणि किती घातलीय हे कोणालाच माहीत नसतं. कारलं, मेथी आवडत असेल तर खुशाल खा. गोळी सोडू नका.

ऑनलाइन मागवलं तर?

सूट मिळते. पण घटक आणि मि.ग्रॅ. जुळवून घ्या, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या जोडगोळीच्या नावापुढच्या एम १ आणि एम २ मध्ये ग्लिमेपिराइडचा डोस दुप्पट होतो. उन्हाळ्यात इन्सुलिन मात्र जवळच्या दुकानातून, बर्फाच्या पाकिटासह आणा.

आईवडिलांच्या औषधांवर आयकरात काही मिळतं का?

साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारांच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. लोक तिला ८०डी म्हणून ओळखतात. दोन अटी: जुनी करप्रणाली निवडलेली हवी आणि पैसे रोख दिलेले नसावेत. म्हणजे मेडिकलमध्ये यूपीआय करा आणि पक्कं बिल घ्या.

आता शुगर निघालीच आहे, तर विमा काढून उपयोग आहे का?

दाखल व्हायच्या खर्चासाठी आहे, गोळ्यांसाठी नाही. मधुमेह लपवून फॉर्म भरू नका, नेमका दावा करायच्या वेळी ते बाहेर येतं. आधीपासूनच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते, त्यामुळे लवकर काढलेला बरा. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. हप्ता भरताना गोळ्यांना पैसे कमी पडणार असतील तर आधी गोळ्या.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेला मुलीकडे चाललेत. औषधांचं काय?

इथूनच न्या, मूळ पाकिटांत, घटकाचं नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या पोटात ते गोठू शकतं. तिथल्या नियमात पाहुण्यांना साधारण ९० दिवसांचा साठा नेता येतो, पुढच्याचं मुलीशी आधी बोलून ठेवा. तिकडे चिठ्ठी लिहून घ्यायची म्हटली तरी आधी डॉक्टरांची फी पडते, आणि ती गोळीपेक्षा जड जाते.

दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर?

बिल मागा. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचा टोल फ्री क्रमांक १८०० १११ २५५. मर्यादा असलेल्या औषधाची ठरलेली किंमत 'फार्मा सही दाम' या अॅपवर दिसते, तिथूनही तक्रार करता येते. तक्रारीसाठी बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी. कच्च्या चिठ्ठीवर काही होत नाही.